वर्षाच्या आत

गुरुवार, बाबांच्या तेराव्याची संध्याकाळ

पाहुणे गेले आणि दादानं आमच्या धाकट्या मनीला समोर बसवून आयुष्य शिकवायला घेतलं. दहाव्याला केस काढल्यापासून हा माणूस बोलताना सारखा टकलावरून हात फिरवतो, जणू अक्कल तिथूनच झिरपते. बाबा दवाखान्यात होते तेव्हा याला पुण्याहून यायला सुट्टी मिळत नव्हती. आता घरातला कर्ता!

"मने, बाप गेल्यावर वर्षाच्या आत लग्न उरकावं लागतं. नाहीतर तीन वर्षं थांबा. गंगापूरचं स्थळ लई चांगलं आहे. दिवाळीत तुला अठरा पूर्ण होतील. कॉलेज काय, तिकडंही होतं."

"मग तू का नाय केलं कॉलेजच्या आधी लग्न?" मनी म्हणाली. नुकतीच बारावी झालेली पोर, पण जीभ बाबांची.

"मोठ्यांचं ऐकावं," एवढंच उत्तर. परत टकलावर हात. मला चीड कशाची आली, सल्ल्याची की त्या हाताची? ठरवता येत नाही. बाबांना मनीला शिकवायचं होतं, हे याला पक्कं माहीत आहे.

मी मधली, सहसा मध्ये पडत नाही. आज म्हणाले, "दादा, मग तीन वर्षंच थांबू. तेवढ्यात तिची पदवी होईल."

तो हसला. "तुला काय कळतं गं रीतीतलं?"

तेरा दिवस गप्प असलेली आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "रीत तूच सांगितली ना रे? आता पाळ."