शेवटच्या पंगतीचं औषध

सोनपेठ, ता. ४ जानेवारी १९८९

चि. सिताराम यास सटवाजीमामाचा जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

इकडं सगळे खुशाल, तुझी माय सोडून. तिच्या छातीतल्या गाठीवर जुनं औषध द्यायचं का नवं, हे तुझ्या दवाखान्यात चिठ्ठी उचलून ठरतं, हे तिला कशाला सांगितलंस? वर हेबी, की ज्या औषधाचा गुण दिसंल त्याच्या चिठ्ठ्या मडक्यात वाढवत जाता. बेझ नावाच्या साहेबाची ही रीत मला पटली. माझ्या हॉटेलात नव्या भज्यांचं असंच असतं. आधी अंदाजानं एक घाणा तळायचा, मग गिऱ्हाईकांची तोंडं बघून दुसरा.

पण अक्का म्हणती, मग मी सगळ्यात शेवटी जाते, तवर मडकं चांगल्याच चिठ्ठ्यांनी भरलेलं असंल. लग्नातबी मी शेवटच्याच पंगतीला बसते. गाठ तवर थांबंल का, असं इचारलं तर मलाच झापलं. उद्याच्या एसटीनं तिला पाठवायलोय. तूच समजाव.

मामावर जीव असू दे.
सटवाजी

औरंगाबाद, ता. १९ जानेवारी १९८९

ती. मामांस सिताराम याचा सविनय जयभीम, वि. वि.

आई पोचली आणि तिनं आपलं शहाणपण दवाखान्याच्या वऱ्हांड्यात थांबलेल्या सगळ्या रोगी बायकांना वाटून टाकलं. आता झरीच्या कडूबाई चारठाण्याच्या नर्मदाबाईंना आधी तुम्ही म्हणतात, नर्मदाबाई आईला. मडकं भरलेलं, हात घालायला कुणी नाही. आमचा आधीचा अंदाज जिथल्या तिथं. पहिल्या रोग्याशिवाय तो हलत नाही. मोठे डॉक्टर विचारतात, पुरावा कुठंय. मी म्हणालो, वऱ्हांड्यात भाकरी खातोय.

मामा, हसू नका. तिचं गणित चुकलेलं नाही, हीच तर अडचण आहे. चिठ्ठी नको तर जुनं औषध आजच घे म्हटलं, तर नव्याची आशा सुटत नाही. जबरदस्ती मला करता येत नाही, आणि गाठ वाढायला लागलीय. मिळेल त्या गाडीनं या.

तुमच्या मायेच्या भरवशावर,
सिताराम

औरंगाबाद, ता. २७ जानेवारी १९८९

सौ. धुरपताबाई हिस सटवाजीचा जयभीम, वि. वि.

हॉटेलाची भट्टी विझू दिली नसशील, या आशेवर लिहायलोय. मी शाल घेऊनच आलो होतो. वऱ्हांड्यात जाहीर केलं, की पहिली चिठ्ठी मानाची, उचलंल तिला शाल. तर ती शाल आधी तुमी, आधी तुमी करत साऱ्या खांद्यांवरून फिरली आणि माझ्याच गळ्यात पडली. एक तरुण डॉक्टर मलाच तपासायला उठला!

तेवढ्यात सुलाबाई नावाची एक पोरगी उभी राहिली. म्हणली, घरी रांगतं लेकरू हाय, मला वाट बघत बसता येत न्हाई, मीच जाते. अक्कानं पदर धरून तिला खाली बसवलं आणि रागं भरली, की कुणी न चाखलेलं लेकुरवाळीनं आधी खायचं असतं का. आणि स्वतःच गेली की मडक्याकडं! लगेच मागं रांग. आता दुसऱ्या नंबरासाठी भांडणं चाललीत.

चिठ्ठी जुन्याच औषधाची निघाली. सितारामचं तोंड एवढंसं झालं. अक्कानं सुईसाठी हात पुढं केला आणि सुलाबाईला म्हणली, थोडा दम धर बाई, माझ्या लेकाला औषधातलं आत्ता कुठं कळायला लागलंय.

लोभ पातळ होऊ देऊ नये.
सटवाजी