सासूबाईंच्या टीव्हीवर माझा कॉम्प्युटर

२२ सप्टेंबर, सोमवार
आणला एकदाचा! कंपनीनं जुने कॉम्प्युटर स्टाफला देऊन टाकले, त्यातला एक मला. नुसता डबा, कीबोर्ड, माउस. मॉनिटर आधीच्यांनी पळवले. स्कूटीवर पायात ठेवून निघोज्याहून चऱ्होलीपर्यंत... प्रत्येक खड्ड्याला जीव वरखाली. घरी घट बसलेले, आणि सासूबाई (इथून पुढे सा.बा.) दारातच.
"ह्ये काय आनलंस?"
"कॉम्प्युटर, आई."
"आन तोंड कुटंय त्याचं?"
तोंड म्हणजे तुमचा टीव्ही, हे सांगायचा धीर झाला नाही.
एक तारखेला संध्याकाळी सहाला टेस्ट. ऑनलाइन, घरून. कंपनीतच डिझाइनला एक जागा निघालीये. किती वर्षं क्वालिटीत उभी राहून दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर पार्ट तपासायचे? मला ड्रॉइंग काढायचंय. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा, कॅडचा क्लास केलाय, हात बसलेला नाही. ही जागा गेली तर पुन्हा कधी निघेल देव जाणे.

२३ सप्टें., मंगळ
टीव्हीमागं डोकं घातलं. डब्याला पिनांचं जुनं पोर्ट, टीव्हीला चपटं एचडीएमआय. जुळतंय कशाला! संतोष सेकंड शिफ्टला निघता निघता म्हणाला, "कन्व्हर्टर मी आणतो, आईला तू पटव." वा रे नवरा. सोपं त्याला, अवघड मला.
सा.बा. – "टीव्ही माझा हाय. भावानं दिलाय मला."
बरीच वादावादी झाली मग. शेवटी ठरलं, फर्स्ट शिफ्टहून आले की सातपर्यंत माझा. सातला मालिका, तेव्हा टीव्हीकडं बघायचंसुद्धा नाही.

२४, बुध
'नो सिग्नल'. वायर काढ, वायर घाल. 'नो सिग्नल'. कन्व्हर्टरला करंट लागतो, त्याची यूएसबीची शेपटी तशीच लोंबत होती, ती लावली. मग रिमोटवर सोर्स दाबत गेले. एकवर सेट टॉप बॉक्स, दोनवर...
आला! आला आला आला!
एवढी ओरडले की सा.बा. तव्यावर भाकरी टाकून पळत आल्या. "काय चावलं गं?" केवढं मोठं दिसतं, अगं माय! माउसचा बाण बोटाएवढा.

२५, गुरु
आज स्वतःचं हसं करून घेतलं. गोल काढला तर अंड्यासारखा दिसतोय. कॅड म्हणतं व्यास बरोबर. डोळ्यांवर विश्वास ठेवेल ती क्वालिटीवाली कसली! पर्समधून पार्टची मापं घ्यायचा व्हर्निअर काढला, ओरखडा पडू नये म्हणून त्याच्या जबड्यांना सेलोटेप लावला आणि टीव्हीवरचा गोल मोजला. आडवा जास्त, उभा कमी. रिजेक्ट! तो गोल पुसून पुन्हा काढ, पुन्हा मोज, सगळी दुपार त्यात.
सा.बा. – "टीव्हीला ब्लाउज शिवतीस का काय?"
चहाच्या सुट्टीत संतोषचा फोन. ऐकून इतका हसला. "अगं बाई, गोल बरोबर आहे, चित्र ताणलंय. रिझोल्यूशन बदल." बदललं. झाला गोल. कडा कापल्या जात होत्या, त्याही 'स्क्रीन फिट' केल्यावर आल्या. तरी एकदा व्हर्निअर लावलाच. ओके.

२८, रवि
सुट्टी. ब्रॅकेट काढला, भोकं पाडली, थ्रीडी केला. हात पळायला लागलाय!! मागं खुर्ची सरकल्याचा आवाज. सा.बा. शेंगा सोलत बसलेल्या.
"फिरव की जरा त्ये. खालनं कसं दिसतंय?"
फिरवलं.
"आन ह्ये तू केलंस व्हय?"
"हो आई."
खुर्ची पुढं ओढली त्यांनी. उरलेल्या शेंगा तिथंच बसून सोलल्या.

१ ऑक्टोबर, बुध. खंडेनवमी
जेवण नंतर, आधी हे लिहिते.
कंपनीत मशीनांना हार, नारळ, पेढे, लवकर सुट्टी. घरी आले तर पुढच्या खोलीत पाटावर विळा, खुरपं, संतोषचे पाने, आणि शेजारी माझा डबा! हळदकुंकू, झेंडू. माउसवर कुंकवाचं बोट. टीव्हीला हार. भिंतीवरचं बटण बंद, त्यावरसुद्धा कुंकू. इतक्या वर्षांत त्या टीव्हीची पूजा कधी झाली नव्हती. घरच्या पूजेत माझ्या डब्याचा नंबर लागेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.
"तुजं हत्यार हाय आता त्ये," म्हणाल्या. "उद्या सकाळपत्तर हात लावायचा न्हाई."
रडायलाच आलं. आनंदानं, आणि भीतीनंही. टेस्ट सहाला. घेणारे कंपनीच्या गुरगावच्या ऑफिसातले, त्यांना कसली खंडेनवमी. संतोषला फोन, तर म्हणे, "आईच्या पूजेत मी नाही पडत."
सांगितलं मग. "आई, एक तारीख म्हणाले होते ना, ती आजच."
"मला काय कळतीय तारीख! नवमी म्हनली असतीस तर..." पावणेसहा. मी कपाळाला हात लावून बसलेली.
मग उठल्या, पाटाला हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या. "तू नगं हात लावू. बटन मी दाबती. काय व्हायचं त्ये मला हू दे."
आणि दाबलं.
टीव्हीवरचा हार तसाच ठेवून टेस्ट दिली. शेवटचं ड्रॉइंग अर्धवट राहिलं असं वाटतंय. की झालं पूर्ण? आठवत नाही. सा.बा. तेवढा वेळ ओट्यापाशी बसून. भांडं वाजवलं नाही.

६, सोम
काही नाही. रोज विचारतात, "आलं का?" आज तर म्हणाल्या, "काय बी लागू दे, आदी मला सांगायचं. बटन मी दाबलंय."

९, गुरु
कंपनीच्या बसमध्ये मेल आला, आज स्कूटी नव्हती. 'डिझाइन – टेस्टचा निकाल'. बोट फोनवर नेलं, मागं घेतलं. धावत घरी.
सा.बा. म्हणाल्या, "फोनवर नगं. मोट्यावर उघड." चष्मा पुसून, अगदी पुढ्यात येऊन बसल्यात. विंडोज चालू व्हायला वेळ घेतंय म्हणून तेवढ्यात हे लिहितेय. आला डेस्कटॉप. "उघड की गं," म्हणतायत, आणि माझा हात धरून ठेवलाय, तो सोडल्याशिवाय माउस कसा धरू!