आईच्या दुखण्यावरचे थेंब

तीर्थरूप बाबांना ज्ञानदाचा आखातातल्या महबूल्याहून नमस्कार.

आई थोडंफार जेवते. तुमचं बीपी कसं आहे? फोनवर बोलायची भीती वाटते, म्हणून हे पत्र उद्या तिकडे येणाऱ्या सुजाताताईंबरोबर पाठवतेय. वाचून फाडून टाका.

वैद्यांनी आईला दिलेल्या थेंबांच्या बाटलीवरचं लेबल काल मी पहिल्यांदा वाचलं. त्यात विजया आहे, म्हणजे भांग, गांजाचंच झाड. तिकडे ती चिठ्ठीवर रीतसर मिळते, इकडे तिच्यापायी तुरुंग आहे. आणि आईने ती विमानतळावरून पर्समध्ये आणली! मी सगळे थेंब बेसिनमध्ये ओतले, लेबल खरवडून काढलं. तरी दाराची बेल वाजली की आधी बेसिन पुन्हा धुते.

आई म्हणाली, "अगं, कॅन्सरचं दुखणं त्यानेच थांबतं. औषधाचा कसला गुन्हा?"



सकाळपासून ती भिंतीकडे तोंड करून कण्हतेय. इथल्या गोळ्या पुरत नाहीत. शुक्रवारच्या विमानाने तिला परत पाठवतेय. तिची बॅग मी तीनदा तपासली, पुन्हा तपासेन.

बाबा, तिला तिकडच्या विमानतळावर घ्यायला याल तेव्हा वैद्यांकडून नवी बाटली घेऊनच या. तिला घरापर्यंत थांबायला लावू नका.

तुमची,
ज्ञानदा