पंखा लावू नकोस

स्वप्ना,

वडूजच्या बाळाबाईंचं पत्र तूच माझ्या टेबलावर ठेवलं होतंस. जालिंदर गेल्यावर त्यांनी लिहिलं होतं, ‘भाऊजी, आदार कार्डावर आमचं मालक चोरावानी दिसत्यात. हसताना काडल्याला फोटू तुमच्याच क्यामेऱ्यात हाय, तेवडा द्या.’ मी उत्तर दिलं नाही. रोल धुताना माझ्या हातून बिघडला तर त्यांना काय सांगू, ही भीती.

आज धुतला. जालिंदर आला आहे, निगेटिव्हमध्ये काळ्या दातांनी हसतोय. फिल्म न्हाणीघरात दोरीवर ओली टांगली आहे. आल्याआल्या पंखा लावू नकोस आणि ते दार उघडू नकोस. आटपाडीच्या कोरड्या हवेत ती भराभर वाळली की नळीसारखी वळते, आणि सरळ करायला गेलं की ओरखडे पडतात. म्हणून खालच्या टोकाला दोन चिमटे लावलेत आणि हवा ओलसर राहावी म्हणून गरम पाण्याची बादली ठेवली आहे. चिमटे पुरेसे जड आहेत की नाहीत, मला खात्री नाही. फिल्म वळलेली दिसली तरी हात लावू नकोस. मी आल्यावर तुकडे कापून शब्दकोशाखाली दाबीन.

मी वाचनालयात बसतो. घरात राहिलो तर सारखं दार उघडून बघत बसेन आणि मीच धूळ आत नेईन.

फिल्म नीट वाळल्यावरच बाळाबाईंना लिहायचं ठरवलं होतं. पण तोवर माझा धीर टिकला नसता. ‘रविवारी फोटो घेऊन येतो,’ एवढंच लिहिलं आणि मघाशी पोस्टाच्या पेटीत टाकून आलो.

आबा