सन्माननीय व्यासपीठ आणि पुराचा भोंगा

महाड,
नोव्हेंबर २००१

ती. सौ. सुनीतीमामीस,

अस्मिताचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण परवाच्या सभेत आपल्या घराच्या वतीने व्यासपीठावरच्या प्रत्येकाला इतके नमस्कार घालून झालेत की शिल्लक हा एवढाच आहे. श्रियाची तब्येत कशी आहे? बाळ डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला येईल अशी आशा करते. आपल्या घराण्यात निदान एकाने तरी वेळ पाळावी. तुझे गुडघे पुण्याच्या थंडीत कुरकुरत असतील. इकडे सगळे खुशाल आहेत. मामाही खुशाल आहे. घसा बसलाय, पण मान ताठ आहे. (निवडणूक अधिकाऱ्यांनी त्याला 'कंगवा' हे चिन्ह दिल्यापासून ती टकलासकट जरा जास्तच ताठ आहे.)

तू श्रियाच्या बाळंतपणासाठी पुण्याला जाताना माझ्यावर एकच काम सोपवलं होतंस, आणि ते झालं की नाही हे कळवण्यासाठी हे पत्र. आधी काम नेमकं काय होतं ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको. यंदा आषाढात आपल्याकडे लख्ख ऊन होतं, पाऊस वर पोलादपूरच्या बाजूला कोसळत होता, आणि आपण जेवायला बसलो तेव्हा सावित्रीचं पाणी उंबऱ्याच्या आत होतं. तू पेटी डोक्यावर घेऊन जेवणाच्या टेबलावर उभी होतीस. खालच्या आळीत मंजुळाबाईंच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना खिडकीतून बाहेर काढलं, आणि थोडा उशीर झाला असता तर काढायला कोणी उरलं नसतं. त्यावर मामाने उपाय सुचवला: पोलादपूरला नदी चढली की तिथून फोन करायचा, इथे नगरपालिकेवर भोंगा वाजवायचा, आणि खालच्या आळीने माणसं वर न्यायची. मामाने आजवर मांडलेल्या कल्पनांपैकी ही पहिली, जिच्यात मला तांत्रिक चूक सापडली नाही. म्हणूनच तू त्याला नगराध्यक्षपदासाठी अर्ज भरू दिलास, आणि एसटीत बसता बसता खिडकीतून मला म्हणालीस, "तो निवडून येवो नाहीतर पडो. पण भोंग्याचं चारचौघांत बोलल्याशिवाय त्याला स्टेजवरून खाली उतरू देऊ नकोस." मी "बरं" म्हणाले. लोणेऱ्याला इन्स्ट्रुमेंटेशन शिकताना 'बरं' म्हणण्याआधी यंत्राची सहनशक्ती तपासावी असं शिकवलं होतं. मामाची मी तपासली नाही.

तर सभा. चष्म्याच्या दुकानातल्या आमोदने गेल्या वर्षी टीव्हीवर अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची समोरासमोरची वादसभा पाहिली आणि त्याला वाटलं, हे महाडला का होऊ नये? (का होऊ नये, ते आता त्याला कळलंय.) प्रत्येक उमेदवाराने तीन फेऱ्यांत तीन-तीन मिनिटं बोलायचं, असं ठरवायला बैठक झाली. तिथे मामाने टेबलावर मूठ आपटून सांगितलं की, घंटा वाजल्यावर बोलत राहणारे आणि चिठ्ठी दिल्यावर ती खिशात घालणारे वक्ते त्याने मुख्याध्यापक म्हणून जन्मभर सोसलेत, तेव्हा वेळ संपली की माइकच बंद पडला पाहिजे, मग तो कोणी का असेना. असं यंत्र करणार कोण, असं आमोदने विचारल्यावर मामाने माझ्याकडे ज्या अभिमानाने पाहिलं तसं त्याने मला पदविका मिळाली तेव्हाही पाहिलं नव्हतं. आमच्या कंपनीने भंगारात काढलेला एक टायमर आणि वीज जोडणारा-तोडणारा रिले मी रीतसर परवानगी घेऊन आणला, पेटीत बसवला, वर दिवे लावले: हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे माइक गेला. एकदा सुरू झाला की हा टायमर मध्ये थांबवता येत नाही, आणि बोलणारा कोणाचा मामा आहे हे त्याला कळत नाही. मामाला हेच सगळ्यात आवडलं. "नि:पक्षपाती," असं तो दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता.

मी अशी एकाच वेळी उमेदवाराची कार्यकर्ती आणि सभेची तंत्रज्ञ झाले. छातीवर कंगव्याचा बिल्ला होता, म्हणून नि:पक्षपातीपणासाठी आमोदने तो माझ्याकडून उलटा लावून घेतला. मला जागा मिळाली ती शाळेच्या सभागृहात, स्टेजच्या कडेला, पडद्यामागे, मेन स्विचच्या पेटीला पाठ टेकवून. आमच्या बाजूचा दुसरा कार्यकर्ता म्हणजे मामाचा जुना विद्यार्थी कोंडाजी. मामा बोलायचा थांबला की टाळ्या सुरू करायच्या, एवढंच त्याचं काम होतं आणि ते त्याने अक्षरश: केलं.

आमोदने कोणी रागावू नये म्हणून गावातल्या सगळ्या मंडळांच्या सगळ्या अध्यक्षांना व्यासपीठावर बोलावलं होतं. त्यामुळे उमेदवारांना बसायला शिक्षकखोलीतून बाक आणावा लागला. समई पेटेना, कारण पंखा बंद केला तर पाहुण्यांना उकडत होतं. मग सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले, आणि मंडपवाल्याचा राहिला म्हणून तो घरी जायला निघाला, त्याला परत आणून त्याचाही झाला. तिसरे उमेदवार येसाजीराव 'निघालेत' असा निरोप होता. ते अजून निघालेलेच आहेत. म्हणजे उरले दोघे: मामा आणि महिपत. महिपत तुला माहीत आहे. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला, मुंबईत बरीच वर्षं काढून आलेला, हल्ली हिरकणीवाडीला रायगडच्या रोपवेचे प्रवासी नेणारे टेम्पो चालवतो तो.

पहिली फेरी. मामा उभा राहिला. त्याने चष्मा पुसला, लावला, आणि व्यासपीठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. तिथेच खरं तर सगळं संपलं होतं. "सन्माननीय व्यासपीठ, आजच्या सभेचे आदरणीय अध्यक्ष, व्यापारी मंडळाचे आधारस्तंभ..." प्रत्येकाला नाव, नावाआधी विशेषण आणि नावानंतर कार्य. पिवळा दिवा लागला तेव्हा मामा माझ्याकडे पाहून प्रसन्न हसला. (मी त्याला प्रोत्साहन देतेय, असा त्याचा समज झाला, असं नंतर कळलं.) लाल लागला तेव्हा तो भजनी मंडळापाशी पोचला होता. माइक गेला. ओठ हलतच होते. कोंडाजीने कडाडून टाळ्या वाजवल्या.

मग महिपत. "मंडली, रामराम. टाइम कमी हाय, म्हनून नावं घेत नाय, कुनी मनाला लावून घेऊ नका. पानी, गटारं, लाइट. तिनी करनार. थँक्यू." आणि बसला. हिरवा दिवा तसाच चालू होता, रिकाम्या माइकसमोर. काय करणार ते तीन शब्दांत आलं. कसं करणार ते एकाही शब्दात नव्हतं. लोकांना ते फार आवडलं.

दुसरी फेरी श्रोत्यांच्या प्रश्नांची. पहिल्या रांगेतून मंजुळाबाई उठल्या. "सर, माज्या सासूला खिडकीतनं काढली, ती तुमी डोल्यांनी बगितलाव. पानी येनार, ते आमाला कलायचं कसं, तेवडं सांगा." मामी, मी देवाला फारसा त्रास देत नाही, पण त्या क्षणी मी मनातल्या मनात त्याच्याबद्दल बरं बोलले. परीक्षेत इतका सरळ प्रश्न मामाने स्वत:ही कधी काढला नव्हता. मामा उठला, म्हणाला, "मंजुळाबाई, त्यावर माझ्याकडे एक..." आणि तेवढ्यात निवृत्त तहसीलदार उशिरा आले आणि स्टेजच्या पायऱ्या चढू लागले. मामाला ते दिसले. दिसले म्हणजे संपलं. "आत्ताच ज्यांचं आगमन झालं ते..." मग त्यांनी तालुक्यासाठी केलेलं काम, मग त्यांना खुर्ची देणारे गृहस्थ, मग खुर्ची दिल्यामुळे जे उभे राहिले ते. लाल दिवा. कोंडाजीच्या टाळ्या.

त्याच प्रश्नावर महिपत म्हणाला, "मावशे, घाबरतेस कशाला गो? पानी आलं की पयला मीच येनार तुज्या दारात, टेम्पो घेऊन." सभागृह दणाणलं. टेम्पो पाण्यात चालत नाही, ही बाब टाळ्यांत वाहून गेली. फक्त मंजुळाबाई टाळ्या न वाजवता मामाकडेच बघत बसल्या होत्या. त्या बघण्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

चहाच्या वेळात मी मामाला गाठलं. म्हटलं, मामा, एक फेरी उरलीय, नावं सोड. त्यावर तो चिडला नाही, हीच अडचण आहे. म्हणाला, "अस्मिता, तुझ्या यंत्राला वेळ कळते, माणूस कळत नाही. समोर दिसणारा माणूस दिसलाच नाही असं कसं करू? माझ्याच्याने होत नाही ते." मी म्हटलं, मंजुळाबाईसुद्धा समोरच होत्या. तो बिस्कीट चहात बुडवता बुडवता बशीत हरवून बसला. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्याला येत नव्हतं असं नाही. त्याला नावांतून सुटता येत नव्हतं. मी जागेवर परत आले. आमच्या कामात बिघाड शोधताना आधी विचारतात, सिग्नल येतोय कुठून? इथे सिग्नल डोळ्यांतून येत होता.

शेवटची फेरी. बाहेर अंधार पडला होता. मामा उभा राहिला, चष्मा पुसला, लावला, मान व्यासपीठाकडे वळवली, "सन्माननीय..." म्हणाला, आणि वीज गेली. (सभागृहातली. शेजारच्या रसवंतीत गाणं चालू होतं.) पंखे थांबले, माइक गेला, माझी पेटी गेली, तिन्ही दिवे गेले. एक मूल रडलं, एका अध्यक्षाची चप्पल हरवली. अंधारात मामाचा आवाज आला, "आदरणीय..." आणि थांबला. मग जरा अनिश्चित, "कोण कोण आहे वर?" मला वाटतं बरेच आदरणीय तोवर चहाच्या किटलीच्या दिशेने गेले होते.

"ओ सर," मंजुळाबाई ओरडल्या, "हितं कुनाचं त्वांड दिसत नाय, नावं कुनाची घेताव? पान्याचं बोला!"

"बोला हो सर," महिपतचा आवाज, "माज्या टायमातला टाइम घ्या!"

लोक हसले. आणि मग मामा बोलला. माइकशिवाय, वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावं तसा. पोलादपूरला पाणी कुठल्या खुणेला लागलं की फोन करायचा, फोन कोणी करायचा, तो नसला तर कोणी, भोंगा किती वेळ वाजला की सामान आवरायचं आणि किती वेळ वाजला की सामान सोडून पळायचं, आणि खालच्या आळीतल्या अंथरुणावरच्या माणसांना उचलायला कोणत्या घरातला कोण जाईल. एकही विशेषण नाही. मंजुळाबाईंच्या सासूबाईंना काढलं ती खिडकीही त्यात आली. तुझ्या डोक्यावरच्या पेटीचाही उल्लेख झाला. शेवटी तो म्हणाला, "एवढंच," आणि बाकावर बसल्याचा आवाज आला. आणि दिवे आले.

काम झालं, मामी. कोंडाजी सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. (त्याला दिवे आल्यावर मामा बसलेला दिसला, त्यामुळे तो कधी थांबला ते कळलं नाही.) लगेच महिपत उठला आणि म्हणाला, "सरांचा भोंगा मी बसवनार. पोलादपूरला माजा साडू नदीच्या कडंलाच ऱ्हातो, फोन हाय त्याच्याकडं. लिहून घ्या." म्हणजे टाळ्या मामाला आणि मतं महिपतला, अशी वाटणी झाली. त्यावर मामाने सगळ्यांचे नावानिशी आभार मानायला माइक हातात घेतला. पेटी वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती, मध्येच लाल लागला आणि माइक गेला. ती शेवटपर्यंत नि:पक्षपाती राहिली.

एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं. श्रियाला जपायला सांग. लोभ आहे तेवढा पुरे. वाढवलास तर मामाची पुढची प्रचारसभाही माझ्याकडेच येईल.

तुझी भाची,
अस्मिता

ता. क. मामाचा निरोप आहे की मतदानाला नक्की ये, एक मतसुद्धा मोलाचं आहे. ये जरूर. कोणाला द्यायचं ते उमेदवाराची कार्यकर्ती म्हणून मला एकाच बाजूने सांगता येतं, म्हणून सांगत नाही. फक्त वस्तुस्थिती लिहिते. मामा निवडून आला तर पहिल्या बैठकीत उपस्थितांची नावं संपेपर्यंत पुढचा आषाढ लागेल. महिपत निवडून आला तर साडूचा फोन आहे आणि भोंगा जोडून द्यायला मी आहे. (तो काल विचारायला आला होता. मी 'बरं' म्हणाले. मामाला अजून सांगितलेलं नाही. उद्घाटनाला मामाच लागेल, असं महिपत स्वत:हून म्हणाला.)

ता. क. २. पत्र लिहायचं खरं कारण हे. ऐन आपल्या भाषणाच्या वेळी वीज गेली यात विरोधकांचा हात आहे असं मामाच्या डोक्यात बसलंय, आणि चौकशी व्हावी म्हणून तो विजेच्या ऑफिसला तक्रार लिहायला बसलाय. त्या संध्याकाळी विजेच्या ऑफिसची वीज अखंड चालू होती, हे कोणीही आलं तरी रसवंतीवाला सांगेल. मग ते सभागृहातली मेन स्विचची पेटी बघतील, आणि तिच्यासमोर कोणाची खुर्ची होती असं विचारतील. तेव्हा कृपा करून मामाला फोन कर आणि अर्ज थांबव. फार घाई नाही. आज सकाळी पाहिलं तेव्हा तो मायन्यातच होता.