तीन दगड जागेवर

आबा, डोंगराच्या कपारीतला झिरा बंद झाला. हे आधी लिहितो, कारण तुम्ही आधी तेच विचारलं असतं. मी कसा आहे ते नंतर.

चाळीसगावच्या शेठचं कुटुंब आपल्या मळ्यात भरीत खायला आलं होतं, तो दिवस मला अजून दिसतो. डोंगराच्या पायथ्याशी, झिऱ्यापासून वीस पावलांवर तुम्ही ओढ्यातले तीन दगड आणून चूल मांडता. कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजतात, आई ती लाकडी बडगीत ठेचते. जेवणं होतात, मंडळी जीपमध्ये बसतात आणि तुम्ही रस्त्यात आडवे उभे राहता. "शेठ, तीन दगड राह्यनात." शेठ हसले, "आबा, दगड काय आम्ही पळवतो का?" तुम्ही म्हणालात, "नही. पन चूल तुमनी व्हती, दगड डोंगरना शेतस. जठे व्हतात तठे ठेवा." शेठ पांढऱ्या धोतरात खाली उतरले आणि काळे झालेले दगड त्याच ओल्या खळग्यांत बसवून आले. मला वाटलं, गिऱ्हाईक तुटलं. पुढच्या हिवाळ्यात तेच शेठ पान वाढायच्या आधी पाहुण्यांना सांगत होते, दगड कुठून उचलला ते ध्यानात ठेवा.

मी तुमच्यापेक्षा शहाणा निघालो. तुमच्यामागे ओळीनं बारा चुली बांधल्या, सिमेंटच्या. मग खोल्या आल्या, खोल्यांना न्हाणीघरं, न्हाणीघरांना बोअर, आणि ती पुरेना म्हणून दुसरी. धुळ्याहून गाड्या भरभरून लोक येऊ लागले. फाट्यावर पाटी लावली, 'झऱ्याकाठचं भरीत'. तुमचा मुलगा चार माणसांत ओळखला जाऊ लागला, खोटं कशाला बोलू.

झिरा आटल्यावर पुण्याहून एक ताई सल्ला द्यायला आली. म्हणाली, "काका, पाहुण्यानं जागा बिघडवली नाही एवढ्यानं आता भागत नाही. आला तेव्हा होती त्याहून बरी करून जायला हवं." तुमची सून चहा देत होती. ती म्हणाली, "आमचे सासरे हेच फुकट सांगायचे." मी दोन्ही बोअर बंद केल्या, चुली फोडल्या, खोल्यांना कुलपं लावली. ताईनं आणलेल्या पाहुण्यांनी पाणी मुरावं म्हणून उतारावर चर खणले, फोटो काढले, चर अर्धे टाकून जेवायला बसले. पाऊस येऊन गेला. मी रोज सकाळी कपारीला कान लावतो. तुमची सून म्हणते, "पाणी काय तुमचं गिऱ्हाईक शे, बोलावलं की येईल?" ताईचा फोन येतो, धीर धरा म्हणते. धीर आहे, आबा. आशा नाही.

लोक विचारतात, झिरा नेमका कधी आटला? मी सांगतो, ध्यानातच आलं नाही. तुम्ही मात्र म्हणायचात, "तुना कान ससाना शेतस," सशासारखं बारीकसंही मला ऐकू येतं म्हणून. हा कागद तुमच्या फोटोमागे ठेवणार आहे, म्हणून तुम्हालाच सांगतो. दुसरी बोअर चालू झाली त्याच हिवाळ्यात मी ऐकलं होतं. दोन थेंबांमधलं अंतर वाढलं होतं. त्या दिवशी पाहुणे भरपूर होते, आणि मी गाण्यांचा स्पीकर उचलून कपारीजवळ नेऊन ठेवला.