मालूच्या जिभेखालची दहा मिनिटं

तीर्थस्वरूप हरेशदादांना,
कोनहून कमलाकरचा वाकून नमस्कार.

आज सकाळी पावणेसातला गोदूवहिनींनी (त्यांच्या फोनवरून, कारण तुमचा गुरुवारी करंजाच्या धक्क्यावरून पाण्यात गेला) सांगितल्याप्रमाणे तुम्ही ठीक आहात, दोन भाकऱ्या गेल्या, मात्र कालपासून डोकं ठणकतंय आणि कुठल्याही डॉक्टरची पायरी चढणार नाही असं तुम्ही जाहीर केलंय. गेल्या वर्षी छातीत बसवलेली जाळी कशी आहे हे विचारायची हिंमत त्यांना झाली नाही, म्हणून मी विचारतो. इकडे तुमच्या बहिणीचं डोकं काल दुपारी बारा वीसला दुखायचं थांबलं. तिने स्वतः सांगितलं, म्हणजे बातमी पक्की. पत्र तुमच्या भाच्याबरोबर, निकेशबरोबर पाठवतोय. ओटीवर निवांत बसून, चष्मा लावून वाचा. त्याच्याच लग्नाची हकीकत आहे, मधलं काही गाळू नका. काल बैठकीला तुम्ही होतात खरे, पण दाराशी बसला होतात, आत काय घडलं ते तुम्हाला माहीत नाही.

मालूची अर्धशिशी तुम्ही लहानपणापासून पाहताय. आधी उजव्या डोळ्यापुढे करवतीच्या दात्यांसारखी चमक, मग डोकं, मग ओकारी, आणि ओकारीबरोबर नुकतीच घेतलेली गोळीही बाहेर. (गेली दहा वर्षं औषध आम्ही मोरीलाच देत होतो.) पुतण्याच्या हळदीला डीजेच्या भिंतीसमोर तिचं जे झालं तेही तुम्ही पाहिलंत: दोन दिवस अंधाऱ्या खोलीत, कपाळावर ओला पंचा. तेव्हापासून तिने एकच धास्ती घेतली होती, की पोटच्या पोराची हळद बाहेर लागेल आणि आई आत कानात बोटं घालून पडलेली असेल. शेवटी पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी तिची सगळी तपासणी करून जिभेखाली ठेवायची गोळी लिहून दिली. ही गोळी तयार मिळत नाही. हेतल मॅडम म्हणून औषधवाल्या आहेत, त्या चिठ्ठी बघून एका माणसापुरती बनवतात. मी त्यांना काचेआडून पाहिलं, दादा. सोनाराचा काटा त्यापुढे भाजीवाल्याचा वाटेल. वारा लागू नये म्हणून काट्यालाच काचेची पेटी. चिमूटभर पूड मोजताना बाईंनी श्वास धरला, म्हणून मीही धरला. मग बाटलीवर मालूचं पूर्ण नाव, बनवल्याची तारीख, फेकून द्यायची तारीख. तिचं नाव एवढ्या मानाने याआधी फक्त आमच्या लग्नपत्रिकेत छापलं गेलं होतं.

औषध मुगाएवढं आणि सूचना पानभर. चमक दिसली की लगेच ठेवायची, डोकं चढायची वाट पाहायची नाही. चावायची नाही, गिळायची नाही, वर पाणी नाही, चहा नाही, आणि ती विरेपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटं, बोलायचं नाही. (ही शेवटची अट मी बाईंना पुन्हा एकदा मोठ्याने सांगायला लावली. मालूने माझ्याकडे पाहिलं.) पहिली गोळी तिने सवयीने तांब्याभर पाण्याबरोबर गिळली. वर मलाच विचारलं की पोटात गेली काय आणि जिभेखाली राहिली काय, माणूस तोच ना. डोकं थांबेना, तेव्हा लगेच दुसरी घ्यायला निघाली. मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी लिहिलंय त्याच्या वर एकही नाही. ही गोळी फार झाली तर तिच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. दुसऱ्या खेपेला नीट ठेवली, पण दारात जिवंत मासळीची टोपली घेऊन निवटीवाली आली. तिचा भाव ऐकून मालूचं तोंड आपोआप उघडलं आणि अर्धी गोळी टोपलीत. (त्या दिवशीची निवटी फार शांत होती असं शेजारीण अजून सांगते.) मग बाईंनी सराव सांगितला. पंधरा दिवस रोज सकाळी जिभेखाली खडीसाखरेचा खडा आणि समोर घड्याळ. तुमच्या बहिणीला मी घड्याळाकडे बघत गप्प बसलेली पाहिली, दादा. समुद्र मागे हटल्यावर तळ दिसावा तसं ते दिसत होतं.

आता काल. परेशशेठ आपल्या होणाऱ्या सुनेचा, मनस्वीचा बाप, माणूस दिलदार, आणि दिलदार माणसाला नाही म्हणणं सगळ्यात अवघड. हळदीचा डीजे माझ्यातर्फे, असं ते उंबऱ्यातच म्हणाले. नको म्हणावं तर मुलीच्या बापाचा अपमान, हो म्हणावं तर मालू अंधाऱ्या खोलीत. काय बोलायचं ते तिने आठवडाभर पाठ केलं होतं. पोहे फिरले, ती घसा खाकरून पुढे सरकली, आणि नेमकी डोळ्यापुढे चमक आली. तिने माझ्याकडे पाहिलं, बाटली उघडली, गोळी जिभेखाली ठेवली, बाटली पोह्यांच्या ताटाशेजारी टेकवली आणि पदर सावरून बसली.

"दोन भिती लावू डीजेच्या," परेशशेठ म्हणाले. मालू त्यांच्याकडे बघत राहिली. उजेड टोचतो म्हणून तिचे डोळे बारीक झाले होते, पण हे त्यांना कुठे माहीत. ते जरा हलले आणि म्हणाले, बरं, एकच लावू. मालू गप्प. दहाच्या आत बंद करू. गप्प. त्यांनी मनस्वीच्या आईकडे पाहिलं. त्या उठून मालूचं तोंड गोड करायला पेढा घेऊन आल्या. मी मध्ये तोंड घातलं. तीन वेळा आल्या, तीन पेढे मी खाल्ले. (माझी साखर किती आहे ते कृपया वहिनींना कळवू नका.) तुम्ही रोज धक्क्यावर लिलाव पुकारता, तुम्हाला सांगायला नको: एखादा जाणता व्यापारी पाटीसमोर नुसता उभा राहिला तर भाव तुम्हीच खाली आणता. आठव्या मिनिटाला परेशशेठने कपाळ पुसलं.

"मंग असा करू, ताई. डीजेच नको. आमची आई बोलायची, धवलारीन नाय ते लगीन कसला. दोन धवलारनी आनतो मी, त्या तोंडानं लग्नाची गानी गातील."

तीस वर्षं मी या बाईचं बोलणं ऐकतोय, आणि बोलून ती मला कुलूप लावायला शिकवू शकली नाही. दहा मिनिटं गप्प राहून तिने कोन ते उरणच्या पट्ट्यात एक डीजे थांबवला. गोळी विरली, तिने तोंड उघडलं, सगळी बैठक पुढे झुकली.

"पोहे गार झाले," ती म्हणाली. "खावा."

नंतर ती आत जाऊन पडली. ओकारी नाही, पंचा नाही. बारा वीसला उठून स्वतः चहा केला. बाकी सर्व क्षेम. गोदूवहिनींना नमस्कार.

तुमचा,
कमलाकर

ता. क. कुलुपाचं वर आलंच आहे, तर सांगतो. बाटली कपाटात, कुलपात ठेवायची, अशी बाईंची सूचना होती. काल गडबडीत ती ताटाशेजारीच राहिली, ही चूक माझी. आज सहाला पाहिलं तर बाटली नाही. गोळीची चव कशी असते हे काल तुम्ही मालूला तीनदा विचारलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. ही गोळी रक्ताच्या नळ्या आवळते, दादा, आणि आवळताना ही डोक्यातली आणि ही छातीतली असा भेद करत नाही. छातीत जाळी असलेल्या माणसाने ती घ्यायची नाही. बाईंनी मालूलाही बनवण्याआधी हृदयाचं तीनदा विचारलं होतं. बाटलीवर नाव छापतात ते शोभेला नव्हे.

ता. क. दुसरा. तोंडी मागितली असती तर तुम्ही "कुठली बाटली" म्हणाला असतात. म्हणून पत्र. गोदूवहिनींनी सकाळी तुमच्या शर्टाच्या खिशात बाटली शोधून आठच्या आठ गोळ्या मोजल्या, पण शर्टाला हात लावताना पकडलं तर तुम्ही घर डोक्यावर घ्याल म्हणून तशाच ठेवल्या. हे वाचायला तुम्हाला साधारण दहा मिनिटं लागली असतील. तेवढ्यात निकेशने खुंटीवरचा शर्ट पाहिलेला आहे.

ता. क. शेवटचा. आता तोच शर्ट घाला. तुमच्या डोक्यासाठी पनवेलला साडेअकराची वेळ घेतली आहे. खिशात सातच निघाल्या असतील तर वेळेची वाट न बघता निकेश तुम्हाला थेट इस्पितळात नेईल. नाही म्हणायचं असेल तर गाडीपर्यंत येऊन म्हणा. मागच्या सीटवर मालू बसली आहे, आणि आज तिच्या जिभेखाली काहीही नाही.